वाळूत टेंटच्या खुंट्या धरत नाहीत, बीचवर टेंट आणि ताडपत्री बांधायची कशी?

शहापूर_गल्लीवाला
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही तीन घरं मिळून वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला वेळागरच्या बीचवर एक रात्र टेंट टाकायचा विचार करालोय. बेळगावातनं शिनोळी, आंबोली, सावंतवाडी असं जाणार, सोबत बारकी पोरं पण हाईत. टेंट तीन, साधे डोमवाले, आणि सावलीला नि स्वयंपाकाला वरनं बांधायला एक निळी ताडपत्री, १२ बाय १८ फुटी. खरं अडचण अशी की टेंटबरोबर ज्या बारक्या लोखंडी खुंट्या आल्यात त्या माळावर ठीक, वाळूचं काय? गल्लीत एकाच्या बांधकामाची वाळू पडलीय, तिच्यात ठोकून बघितलो तर दोन बोटांनी उपसून आली की हो. ऑनलाइन वाळूचे स्पेशल पेग बघितलो, किंमत बघून मोबाईल खाली ठेवलो. कुणी समुद्रावर राहिलंय का, काय वापरता तुम्ही? वारा कसा असतोय तिकडं?

सदाशिवगडचा_वारा
नुसता लांब पेग घेऊन प्रश्न सुटत नाही. मातीत खुंटी धरते कारण माती तिला चारी बाजूंनी आवळते. कोरड्या वाळूचा कण कणाला धरतच नाही, मग गुळगुळीत सळी कितीही खोल घाला, वाऱ्यानं दोरी हलायला लागली की भोक रुंदावत जातं आणि पेग वर येतो. वाळूत धरतं ते रुंद आणि पुरलेलं. म्हणून तर वाळूचे पेग फूटभर लांब नि पन्हाळीच्या आकाराचे रुंद असतात.

पैसे घालवायचे नसतील तर खुंटी विसरा आणि पोती पुरा. रिकामी बारदानाची पिशवी किंवा खताचं छोटं पोतं घ्यायचं, वाळूनं अर्धं-पाऊण भरायचं, तोंड आवळून दोरी बांधायची आणि दीड फुटाच्या खड्ड्यात आडवं पुरायचं. पिशवी नसली तर झावळीचा जाड देठ किंवा हातभर लाकूड पण चालतं, मधोमध दोरी बांधून आडवं पुरायचं म्हणजे त्याची पूर्ण लांबी ताणाला आडवी येते. खरी गंमत पुढं आहे, जी लोक करत नाहीत. दोरी खड्ड्यातून सरळ वर काढायची नाही. टेंटच्या दिशेनं वाळूत एक तिरकी चर पाडायची आणि दोरी तिच्यातून आणायची, म्हणजे ओढ तिरकी बसते आणि पोत्याला समोरची सगळी वाळू अडवते. सरळ वर ओढ बसली तर फक्त डोक्यावरच्या वाळूचं वजन कामाला येतं. याच कारणानं दोरी लांब ठेवा, जमिनीशी ४५ अंशाच्या आत.

खणताना खालची ओलसर वाळू लागेपर्यंत जा, ओलसर वाळू एकमेकीला चिकटून राहते. खरं पाण्याजवळची पार भिजलेली वाळू नको, ती पाय ठेवला की पातळ होते, तिच्यात काहीच टिकत नाही. पुरलं की पायानं दाबून घट्ट करा, वरनं बादलीभर पाणी ओता नि परत दाबा.

खानापूर_भातवाला
वरच्या भावानं बरोबर सांगितलंय, मी ताडपत्रीचं सांगतो कारण आमची अर्धी सुगी ताडपत्रीखालीच जातीय 😄 टेंट एकवेळ राहील, बीचवर पहिली उडतीय ती ताडपत्री. १२ बाय १८ ची म्हणजे शीडच की ते, चारी बाजूनी उंच बांधलासा तर वारा खालनं घुसून कडी फाडून नेतोय. वाऱ्याकडची बाजू जमिनीला टेकवायची आणि त्या कडेवर सलग वाळू ओढायची, दुसरी बाजू उचलायची, ती पण माणूस वाकून आत येईल एवढीच. उभं राहून स्वयंपाक करायची हौस असंल तर घरी करा.

पितळी कड्यांवर भरवसा ठेवू नका, स्वस्त ताडपत्रीत त्या पहिल्या झटक्यात सुटत्यात. कोपऱ्यात लिंबाएवढा गुळगुळीत दगड आतनं धरायचा, ताडपत्री त्याच्यावरनं गोळा करायची आणि त्या मानेला दोरीचा फास आवळायचा, मग कोपरा फाटत नाही. अशीच गाठ मध्ये कुठंबी मारता येतीय, कडी असो नसो. आणि सायकलचं जुनं ट्यूब कापून वीतभर तुकडे घ्या, दोरी नि ताडपत्रीच्या मध्ये एकेक घाला, म्हणजे झटका रबर खातंय, पोतं हलत नाही. पंक्चरवाल्याकडं फुकट मिळतंय.

बांबू वाळूत नुसता रोवलासा तर ताण बसला की खाली जातोय आणि सगळं सैल पडतंय. बुडाला करवंटी पालथी घाला नाहीतर चपटा दगड. प्रत्येक बांबूला दोन दोऱ्या, दोन वेगळ्या दिशांना, एकच दिलासा तर रात्री बांबू डोक्यावर.

टिळकवाडीची_वैनी
सगळे दोऱ्या-पोत्यांवरच तुटून पडलेत, भाऊजी आधी जागा बघा! वाळूवर वाळलेला कचरा, शेवाळ, काटक्या यांची जी रेघ दिसते ती भरतीची खूण, तिच्या बऱ्याच वर जायचं. आणि संध्याकाळच्या भरतीचं पाणी बघून निवांत होऊ नका, आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, एक मोठी एक लहान असते, रात्रीची मोठी असू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तारीख ठरवताना कॅलेंडरात तिथी बघा, अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी फार चढत नाही.

वाऱ्याचं म्हणाल तर दुपारपासून समुद्राकडून जोरात येतो, दिवस मावळला की पडतो, आणि रात्री उशिरा उलटा जमिनीकडून सुटतो. म्हणून समुद्राच्या बाजूलाच चार दोऱ्या घट्ट बांधून झोपलात तर पहाटे टेंटची पाठ मोकळी. चारी बाजूंना बांधा.

वेळागरला मागं सुरूची झाडं आहेत, त्यांच्या आडोशाला वारा कमी लागतो, झाडाला ताडपत्रीची एक बाजू बांधली की तेवढी पोती वाचली. फक्त बारीक दोरी झाडाला करकचून बांधू नका, साल कापते, खाली रुंद पट्टा नाहीतर जुनी चादर गुंडाळा. माडाखाली टेंट अजिबात नको, का ते सांगायला नको.

आणि दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा हो, पोरं अंधारात अडकून तोंडावर पडतात.

शहापूर_गल्लीवाला
बाप रे, एवढं कळलं, लई आभार. दोन शंका. एक, पाण्याच्या बाटल्या वाळूनं भरून दोरीला लटकवल्या तर? पोती न्यायची कटकट वाचली असती. दुसरी, आमच्यातला एक म्हणालाय शिरोडा नको, गोव्यालाच जाऊया, चोर्ला घाटातनं दोन-अडीच तासात पोचतोय.

सदाशिवगडचा_वारा
लिटरच्या बाटलीत वाळू भरून दीड-दोन किलो होईल, लटकवून काय उपयोग, वाऱ्यात नाचेल आणि कुणाच्या तरी कपाळाला लागेल. आडवी पुरलीत तर थोडं धरेल, खरं बाटली गुळगुळीत, दोरी घसरते. रिकामं पोतं घडी घातलं की वहीएवढं होतं, त्यात कसली कटकट?

गोव्याचं म्हणाल तर २०१९ पासून तिथं बीचवर उघड्यावर स्वयंपाक आणि दारू दोन्हीला दंड आहे, २०१९ ला तो एकट्याला २ हजार, ग्रुपला १० हजार होता. तुमची ताडपत्री स्वयंपाकाला हाय म्हणालासा, मग हिशेब करा. शिरोड्याला पण गावात विचारूनच टाका, कुणाच्या बागेत जागा मिळाली तर उत्तमच.

खानापूर_भातवाला
ताडपत्रीखाली गॅस नको बरं का, ते प्लॅस्टिक हाय, आच लागली की वितळून टपकतंय. उघड्या बाजूला बाहेर पेटवा आणि वाऱ्याला आडोसा म्हणून एक पत्रा लावा.

पोत्याबद्दल माझं थोडं वेगळं मत, बारकं नको, ४५ किलोचं युरियाचं पोतं घ्या, पाऊण भरा, पुरायची पण गरज नाही.

सदाशिवगडचा_वारा
भावा, वर नुसतं ठेवलेलं पोतं दोरीच्या ओढीनं वाळूवर घसरतं. भाताच्या खळ्यावर जमीन घट्ट असते, तिथं चालतं. इथं पुरलेलं दहा किलोचं बरं. आणि मोठं पोतं भरून उचलणार कोण, वैनी?

टिळकवाडीची_वैनी
वैनी उचलेल की, पण पैज लावून 😏

राहिलेलं एक. नोव्हेंबर ते मार्च कासवांचा अंडी घालायचा हंगाम असतो, तिकडं वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला तर येतातच. म्हणून समुद्राकडं मोठे दिवे लावू नका, आणि निघताना सगळे खड्डे बुजवा, पिल्लं आत पडली की वर चढता येत नाही. पोती बाहेर काढताना दोरी धरून ओढू नका, तुटते. खणून काढा आणि रिकामी करून परत घेऊन या.

शहापूर_गल्लीवाला
बारदान रविवार पेठेतनं आणतो मग, एका टेंटला चार नि ताडपत्रीला आठ धरून वीस. दोरी कसली घेऊ? घरात पांढरी नायलॉनची बंडल पडलीय.

सदाशिवगडचा_वारा
नायलॉन भिजलं की लांबतं, रात्री दव पडलं की सगळं सैल. चालेल, फक्त झोपायच्या आधी एक फेरी मारून परत ताणा. पॉलिएस्टरची मिळाली तर ती घ्या. आणि टेंट उभा करायच्या आधी वाऱ्याकडचे दोन कोपरे पुरून घ्या, पिशव्या आत टाका, मग काठ्या घाला. उलटं केलात तर टेंट तुमच्या आधी वेंगुर्ल्याला पोचेल.