उन्हाळी भुईमुगाचं वाण सुचवा: तेलही हवं, म्हशींना कसदार पेंडही (पारोळा)

बोरीकाठ: राम राम मंडळी. एक एकर मध्यम जमीन, विहीर एप्रिलपर्यंत साथ देते. बियाण्यावर दोन हजारांच्या वर जायचं नाही. घाण्यावरून घरापुरतं तेल काढायचं, पेंड दोन म्हशींना. दुकानदार म्हणतो, जास्त तेलाचं वाण घेतलं की प्रथिनं घटतात, पेंड हलकी पडते. खरं का? कोणतं वाण घेऊ?

आबा_चोपडेकर: जेएल-२४. डोळे मिटून. आपल्या जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचं वाण, फुले प्रगती म्हणतात तेच. आमच्या घरात दुसरं बियाणं येतच नाही.

लाकडी_घाणा: वाणाचं सोडा भो, घाणा स्वतःचा घ्या. दोन लाखांत बसला आपला. कळण्याच्या भाकरीवर त्या तेलाची धार आन् वर ठेचा, मग टक्केवारी कोण विचारतंय?

बोरीकाठ: दादा, दोन हजार म्हटलं मी.

सोया_शिरपूर: प्रथिनं पाहिजेत तर सोयाबीन. ४० टक्क्यांच्या जवळपास. भुईमुगात जेमतेम २५.

लाकडी_घाणा: आन् तेल? १८-२० टक्के. घाण्यात घालून बघा एकदा, नुसता भुगा फिरत राहतो. ते कारखान्यात द्रावक लावून काढायचं काम.

कृषी_धुळे: दुकानदार अर्धं खरं बोलतोय. पानात तयार झालेली साखर दाण्यात उतरते आणि तिच्यातूनच तेलही बनतं, प्रथिनंही. एक ग्रॅम तेलाला साधारण तीन ग्रॅम साखर लागते. प्रथिनांना साखरेसोबत नत्र आणि गंधकही हवं. म्हणून एकाच पिकाच्या वाणांमध्ये बहुधा एक वाढलं की दुसरं थोडं उतरतं.

पण पेंडेचा हिशोब वेगळा. १०० किलो शेंगदाण्यात २५ किलो प्रथिनं धरा. घाण्यातून ४० किलो तेल निघालं तर उरल्या ६० किलोत तीच २५ किलो, म्हणजे ४० टक्क्यांच्या वर. तेल निघून गेल्यावर पेंड हलकी होत नाही, उलट घट्ट होते. वाणावाणांतल्या दोन टक्क्यांच्या फरकापेक्षा एकरी दाणे किती भरले ते बघा.

आबा_चोपडेकर: म्हणजे जेएल-२४च.

सरकीवाला: म्हशीला सरकीच. फॅट लागते ती सरकीने. बाकी बठ्ठं उगाच.

गोठा_अमळनेर: सरकीवाले दादा, धागा भुईमुगाचा आहे. ताई, दादा, जे कोणी असाल, पेंडेत टक्के नंतर मोजा, आधी बुरशी बघा. गेल्या पावसाळ्यात एका व्यापाऱ्याकडून पोतं घेतलं. वरून पिवळीधमक, हात खाली घातला तर गरम, ओलसर, हिरवट गुठळ्या. म्हशींनी तोंड फिरवलं. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे त्या बुरशीचं विष, दुधात उतरतं, आणि ते दूध आपलीच पोरं पितात. शेंगा इतक्या वाळवा की हलवल्यावर खुळखुळल्या पाहिजेत.

नवा_शेतकरी: युरिया जास्त दिला तर प्रथिनं वाढतील का?

कृषी_धुळे: भुईमुगात पाला वाढेल. मुळांवरच्या गाठी नत्र मिळवतातच. आऱ्या (फुलानंतर मातीत घुसून शेंग धरणाऱ्या दांड्या) सुटताना जिप्सम द्या, एकरी दीडशे किलोच्या आसपास. कॅल्शियम शेंग थेट मातीतून घेते, ते कमी पडलं की पोचट शेंगा. जिप्सममधून गंधकही मिळतं, ते तेल आणि प्रथिनं दोन्हींच्या कामी येतं. आणि काढणीची घाई नको. कोवळ्या दाण्यात साखर असते, तेल नंतर भरतं. टरफल फोडून आतली बाजू बघा, तपकिरी-काळी झाली की उपटा.

नवा_शेतकरी: कुठलं वाण चांगलं मग?

आबा_चोपडेकर: वर दोनदा लिहिलंय!!

लाकडी_घाणा: घाण्याची चौकशी असेल तर मेसेज करा.

बोरीकाठ: सगळ्यांचे आभार, विशेषतः कृषी भाऊ आणि गोठावाल्या ताई. पण भुईमुगाला एकरी ४०-५० किलो बी लागतं, दोन हजारांत बसणार नाही. शिवाय मे महिन्यात पाणी आणू कुठून? तीळ लावतोय, जेएलटी-४०८. बी एकरी किलोभर, तीन महिन्यांत पीक मोकळं. तेल पन्नास टक्क्यांपर्यंत, प्रथिनं १८-२० असली तरी वरच्याच हिशोबाने पेंड कसदार राहील.

आबा_चोपडेकर: मग भुईमुगाचं विचारलं कशाले?

सरकीवाला: तिळाची पेंड कडवट लागते. सरकी घ्या.