मेल्ड (लिव्हर किती बिघडलं ते रक्ततपासणीवरून सांगणारा गुणांक) १४, वजन स्थिर, तरी पेशंट खंगतोय. स्नायू मोजायचे कसे?

आहार_ओपीडी: सिरोसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं), पुरुष, वय ५४, उंची १६४ सेंमी. तीन महिने वजन ६८ किलोच. पण कानशिलं खोल गेलीत, खांद्याची हाडं वर आलीत. पोटात मध्यम पाणी, पायावर सूज. मेल्ड एवढा कमी असताना स्नायूंच्या मागे लागावं का? सीटी सांगू का?

यकृत_वॉर्ड: लागाच. मेल्डला स्नायू दिसत नाहीत, उलट तो फसतो. क्रिॲटिनिन स्नायूंतूनच येतं. स्नायू झिजले की तेही घटतं आणि मेल्ड उगाच कमी दिसतो. २०१५ च्या एका कॅनेडियन अभ्यासात सार्कोपेनियाचा (स्नायू झिजण्याचा) भार मेल्डच्या साधारण १० गुणांइतका निघाला.

सीटी मुद्दाम नको. लिव्हरमधली गाठ शोधायला ट्रिपल फेज सीटी झालेला असेल तर त्यातलाच एल-३ चा (कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळचा) स्लाइस घ्या. क्षेत्रफळ सगळ्या स्नायूंचं मागा, नुसत्या सोआसचं (मणक्यालगतच्या एकाच स्नायूचं) नको. समजा ११२ चौ. सेंमी आलं, तर त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागा: ११२ ÷ (१.६४ × १.६४) = ४१.६. याखाली स्नायू कमी अशी अमेरिकन मर्यादा पुरुषांना ५०, बायकांना ३९. जपानी ४२ आणि ३८. कुठली लावली ते रिपोर्टात लिहा, नाहीतर पुढच्या वेळी तुलनाच होत नाही.

फिजिओ_कट्टा: सीटी नसेल तर डायनॅमोमीटर (हाताची पकड मोजायचं यंत्र). बसवून, कोपर ९० अंशांत, तीनदा दाबायला लावा. २०१९ च्या आशियाई निकषात पुरुष २८ किलोच्या खाली, बायका १८ च्या खाली म्हणजे पकड कमी. मग हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठबस; १२ सेकंद किंवा जास्त लागले तर खूण करा. पोट ताठ असेल तर आधी पाणी काढू द्या, नाहीतर मोजता ते पोटाचं ओझं.

आहार_ओपीडी: आणि घरच्यांनी 'अमोनिया वाढेल' म्हणून डाळ बंद केलीय. पेज आणि मुगाचं पाणी चालू आहे.

यकृत_वॉर्ड: तिथंच घोळ आहे. लिव्हर थकल्यावर अमोनियाचा बराच भाग स्नायूच ग्लुटामिन करून उचलतात. प्रथिनं तोडली की स्नायू जातात आणि गुंगीचा धोका वाढतो. लॅक्टुलोज (शौचावाटे अमोनिया काढणारं औषध) चालू ठेवा, डाळ परत सुरू करा.

हिशोब ६८ वर नको. मध्यम पाण्याचे १० टक्के आणि सुजेचे ५ वजा करा: सुमारे ५८ किलो. प्रथिनं किलोला १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ७० ते ८७. उष्मांक ३५ प्रमाणे २०३०. झोपताना ५० ग्रॅम पिठाची भाकरी आणि मोठा कपभर दूध द्या, कारण रात्रभर उपाशी राहिलं की शरीर स्नायूच मोडून खातं. फरसाण मात्र नको, मीठ पोटात पाणी धरतं.