कुयाबेनोला जायचं तर मे महिन्यात, भरल्या पाण्यात, नाताळात नको

कृष्णाकाठ (सांगली)

आपल्या पक्षीवाल्या गटात इक्वेडोरचं घाटतंय. बेत असा, की नाताळची सुट्टी धरायची, गालापागोस बेटं करायची आणि जाता जाता दोन रात्री कुयाबेनोच्या जंगलात काढायच्या. गालापागोसबद्दल माझं काही म्हणणं नाही. कुयाबेनो असं उरकायला मात्र माझा साफ विरोध आहे.

कुयाबेनो हे ॲमेझॉन खोऱ्यातलं राखीव जंगल, १९७९ पासूनचं, सुमारे सहा हजार चौरस किलोमीटरचं. त्याचा सगळा जीव पाण्यात आहे. साधारण एप्रिल ते जुलै नद्या काठ सोडून जंगलात शिरतात, तळी आणि रान एक होतं, होडी फांद्यांमधून वाट काढत जाते. डिसेंबरनंतर तेच पाणी उतरायला लागतं आणि जानेवारी-फेब्रुवारीत लागुना ग्रांदे हे मोठं तळं काही वर्षी पार चिखलावर येतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४५ फुटांकडे निघालं की आपल्या छातीत धस्स होतं; तिकडे पाणी चढणं हीच सुगी. झाडांची फळं पाण्यात पडतात, मासे ती खायला येतात आणि माशांमागं गुलाबी डॉल्फिन.

होआत्झिन हा पक्षी तर याच पाण्याच्या भरवशावर जगतो. कोंबडीएवढा, डोक्यावर विस्कटलेला तुरा, डोळ्याभोवती निळी कातडी. खातो पाला आणि तो गाईसारखा आंबवून पचवतो, मात्र पोटात नव्हे, गळ्याखालच्या पिशवीत. घरटं पाण्यावर झुकलेल्या फांदीला. ससाणा आला की पिल्लू सरळ खाली पाण्यात उडी टाकतं, आणि धोका टळला की पंखांवरच्या नख्यांनी फांद्या धरत परत वर चढतं. मोठं झाल्यावर त्या नख्या जातात. हे बघायला मिळेलच असं कुणी सांगू शकत नाही, पण घरट्याखाली पाणी तरी हवं ना!

आणि दोन रात्री? राजधानी क्विटोहून रात्रीच्या बसनं लागो आग्रिओ हे गाव, पुढं गाडीनं दोनेक तास कुयाबेनो नदीवरच्या पुलापर्यंत, मग मोटरच्या होडीनं पुन्हा दोनेक तास. हातात पुरता एकच दिवस उरतो. निदान चार रात्री द्या, नाहीतर कुयाबेनो या खेपेला सोडा.

कॅमेरावाली (मिरज)

काका, मी विरुद्ध बाजूची आहे. पाणी चढलं की जनावरं पांगतात. जमीन बुडाल्यामुळं पायवाटाही बंद होतात आणि सगळं होडीतूनच बघावं लागतं. पाणी उतरलं की मासे उरलेल्या डोहांत कोंडतात, काळे केमन (मगरीच्या कुळातले) तिथंच जमतात, चिखलावर बगळे आणि पाणपक्षी उतरतात. फोटो काढणाऱ्याला याहून चांगलं काय हवं? डिसेंबरच्या शेवटी पाणी उतरू लागतं, संपत नाही. ऐन फेब्रुवारीत जाऊ नका हे मान्य, पण म्हणून नाताळ वाया जातो हे मला पटत नाही. जंगलाचा एकच मोसम खरा आणि दुसरा खोटा, असं कसं म्हणता येईल?

डॉक्टर, विटा

मोसमाच्या आधी माणसांचा विचार करा. आपल्या गटात साठी ओलांडलेली बरीच मंडळी आहेत. इक्वेडोरहून भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लसीचा दाखला लागतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला दहा दिवसांनंतर लागू होतो, मग तो जन्मभर चालतो. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर त्रासाचा धोका जास्त असतो. असे रुग्ण विरळा, पण धोका खरा आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. क्विटो २८५० मीटरवर, ते हृदयाच्या रुग्णांना वेगळंच जड जातं. आणि होडीत कुणाच्या छातीत दुखलं तर दवाखान्यापर्यंत किती तास, ते काकांनी वर लिहिलंच आहे.

दुसरं म्हणजे कुयाबेनो ज्या प्रांतात येतं तो सुकुंबिओस कोलंबियाच्या सीमेला लागून आहे. जानेवारी २०२४ मध्ये इक्वेडोरच्या राष्ट्राध्यक्षांनी टोळ्यांविरुद्ध देशात सशस्त्र संघर्षाची स्थिती जाहीर केली होती. तिकीट काढण्याआधी त्या आठवड्याची परिस्थिती बघायला हवी. माझं मत स्पष्ट आहे, ज्येष्ठांनी हा बेत करूच नये.

वारणेचा पोर (शिराळा)

सगळे कधी जायचं ते बोलताय, मी कुणाकडं उतरायचं ते बोलतो. आमच्याकडं चांदोलीत आधी धरणासाठी आणि मग अभयारण्यासाठी गावं उठली. २००४ ला राष्ट्रीय उद्यान झालं, २०१२ ला जागतिक वारसा. पण जंगल ज्यांच्या पायाखालचं होतं ती माणसं लांब वसाहतींत. कुयाबेनोत सिओना, सेकोया, कोफान, किच्वा लोक आजही राखीव जंगलाच्या आत राहतात, होड्या चालवतात, वाटाडे होतात. बघण्यासारखं मला तेच वाटतं.

तिथल्या बायका युका उपटून, किसून, पिळून, तव्यावर नुसत्या पिठाची भाकरी भाजतात, थेंबभर पाणी घालत नाहीत. आपला उपासाचा साबुदाणा याच कंदाचा. हे लोक तिथं टिकायचे तर त्यांना तेलाशिवाय दुसरं उत्पन्न हवं. लागो आग्रिओत १९६७ ला तेल लागलं आणि पुढं तेलाच्या घाणीनं नद्यांचं काय झालं ते जगाला माहीत आहे. चार रात्री राहा, नाहीतर राहूच नका, इथं मी काकांच्या बाजूचा. मोसमाचं मला फारसं पडलेलं नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

मिरजेच्या ताई, केमन आणि पायवाटांचं तुमचं म्हणणं रास्त आहे, कोरड्यात जाणाऱ्याला मी अडवणार नाही. पण केमन कमी पाण्यात इतरत्रही दिसतील. बुडालेल्या रानातून होडी जाणं जगात थोड्याच ठिकाणी घडतं आणि आपण दोन विमानं बदलून त्यासाठीच जाणार. शिवाय गटात निम्मे शिक्षक, मे महिन्याची सुट्टी हाताशी असताना नाताळचा हट्ट कशाला?

डॉक्टर, सगळ्यांना सरसकट नको म्हणणं मला मान्य नाही. ज्यांनी ही लस पूर्वी घेतली आहे आणि ज्यांचं हृदय ठणठणीत आहे अशा ज्येष्ठांनी का थांबायचं? मात्र तुमच्या तपासणीशिवाय कुणाचं नाव यादीत घालायचं नाही, हे कबूल. सीमेकडची बातमी वाईट असेल तर भरलेले पैसे बुडाले तरी बेत रद्द.

वारणेचा पोर (शिराळा)

मग निवासवाल्याला आधी एवढं विचारा: वाटाड्या तिथल्या गावचा आहे का, होडी कुणाची, आणि भाड्यातलं गावाला किती जातं. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा निवास बघू.