मुलं ‘धन्यवाद’ म्हणतात, पण स्टारसाठी! होमस्कूलिंगवाले काय करता तुम्ही?

इंदूरकरीण

सगळ्यांना सलाम.

आम्ही इंदूरला, राजेंद्र नगरच्या बाजूला राहतो. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. दोघंही शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. (का, ते प्लीज विचारू नका, त्यावर इथे एक धागा आधीच पेटून विझलाय.) नवरा पीथमपूरला कारखान्यात, शिफ्टची नोकरी, त्यामुळे शिकवणं बहुतेक माझ्याच गळ्यात. सकाळी पोहे, मग कौटुंबिक प्रार्थना, एक वचन पाठ, मग गणित. रविवारी चर्च हिंदी, घरात मराठी, पुस्तकं इंग्रजी. अशी आमची खिचडी.

अभ्यासक्रम अमेरिकेतला, ख्रिस्ती होमस्कूलिंगचा आहे. ओळखीतल्या एका कुटुंबाकडून जुना संच मिळाला. त्यात दर महिन्याला एक सद्गुण असतो. नोव्हेंबरला कृतज्ञता, कारण तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून गेलेली माणसं, १६२१ चं त्यांचं पहिलं पीक, आणि रंगवायला टर्की. धाकट्याने विचारलं, “आई, या मोराची मान कोणी सोलली?” असो. त्या संचात भिंतीवर लावायचा एक तक्ता आहे. कुणाचे आभार मानले की एक स्टार, आठवडा भरला की बक्षीस.

दोघं धन्यवाद म्हणायला इतके तयार झालेत की बास. रात्रीच्या प्रार्थनेत “प्रभू, पंख्यासाठी धन्यवाद, फ्रिजसाठी धन्यवाद, गादीसाठी धन्यवाद”, असं एका दमात घरातलं सगळं सामान म्हणून टाकायचं, आमेन, आणि लगेच, “आई, किती झाले?” गेल्या आठवड्यात सासूबाईंनी नगरहून स्वेटर विणून पाठवला. थोरलीने फोनवर इतके गोड आभार मानले की आजीचा आवाज भरून आला. फोन ठेवला, स्टार लावला, आणि स्वेटर कपाटाच्या तळाशी. “हे कोण घालणार?”

नवऱ्याचं म्हणणं, चालू ठेव. सवय आधी, भावना मागून येते. त्याचा शार्लट मेसनबाईंवर फार विश्वास. (१८४२ ते १९२३, इंग्लंडच्या शिक्षणतज्ज्ञ; ख्रिस्ती होमस्कूलिंगमध्ये त्यांचं नाव सतत निघतं.) चांगल्या सवयी म्हणजे आईबापांनी मुलांसाठी टाकलेले रूळ, असं त्या म्हणायच्या. सासूबाई म्हणतात, “धन्यवाद म्हटल्याबद्दल स्टार? मग उद्या जेवल्याबद्दल पगार द्या.” मला दोघांचंही पटतं, ही माझी अडचण.

तक्ता काढू की ठेवू? काढला तर त्या जागी काय? “मनापासून म्हण” असं सांगून मनापासून येत नाही, एवढं मला कळतं.

नगरची_मावशी

सलाम ताई. तुमच्या सासूबाई आमच्या गावच्या, म्हणजे त्या बरोबरच असणार!

मी बरीच वर्षं संडे स्कूल घेतलं. लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी मुलांना दरवर्षी सांगायचे. दहा बरे झाले, परत येऊन पाया पडला तो एकच, तोही शोमरोनी, म्हणजे ज्याला कोणी आपल्यात धरत नव्हतं तो. येशूने विचारलं, बाकीचे नऊ कुठे आहेत? इथवर सगळेच सांगतात. मी मुलांना पुढचं विचारायचे, “मग त्या नऊ जणांना रोग परत लागला का?” मुलं विचारात पडतात. नाही लागला. आभार मानले नाहीत म्हणून दिलेलं काढून घेतलं नाही. आता तुमच्या तक्त्याचा हिशेब तुम्हीच करून बघा.

दुसरं. पंख्याचे आभार मानून मूल कोरडंच राहणार. पंख्यामागे माणूस शोधायला लावा. पंखा कोणी बसवला, वायरिंग कोणी केलं, बिल कोणाच्या पगारातून जातं? प्रार्थनेत वस्तू नाही, माणूस घ्यायचा, आणि रोज एकच. आमच्या वर्गात नियम होता, माणसाचं नाव आणि त्याने केलेलं काम, दोन्ही सांगितलं तरच ती उपकारस्तुती. पहिल्यांदा मुलं अडखळतात, कारण नावच माहीत नसतं. दूधवाल्याचं नाव काय? शोधून आण जा.

आणि टर्कीचं काय घेऊन बसलात, आपल्याकडे कापणीचा सण आहे की! आमच्या मंडळीत लोक बाजरीच्या पेंढ्या, भोपळे, अंडी, कोंबड्या वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासना झाली की लिलाव. दहा रुपयांचं लिंबू पाचशेला जातं आणि सगळे हसतात. तुमच्या हिंदी मंडळीतही होत असेल, पाळकांना विचारून बघा. पण एक अट घाला: मुलांनी दुकानातून आणलेलं न्यायचं नाही. कुंडीत मेथी लावा, मिरची लावा, काहीही. रोज पाणी घालून चार काड्या उगवतात, त्यातल्या दोन किडे खातात, तेव्हा भाजीची जुडी म्हणजे काय ते हाताला कळतं.

पंडिता रमाबाईंचं, पुणे जिल्ह्यातलं केडगाव बघा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून, म्हणजे तुमच्याच बाजूच्या मुलुखातून, उपाशी मुली आणल्या. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे बाईंच्या आश्रमात, त्या मुली नुसत्या प्रार्थना म्हणत बसल्या नाहीत. शेत, विणकाम, छापखाना, सगळं शिकल्या. बाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल तिथेच, त्या बायकामुलींच्या हातून छापलं गेलं. बाई १९२२ ला गेल्या, ग्रंथ पूर्ण छापून बाहेर आला १९२४ ला. तिथे सद्गुणांचा वेगळा तास नव्हता हो. काम होतं.

बडोदेकर_बाबा

ताई, माझा मुलगा चौदाचा, मुलगी अकराची, दोघंही घरी शिकतात. मुलगा आता एनआयओएसमधून, म्हणजे सरकारच्या मुक्त शाळा मंडळातून, दहावीला बसणार आहे (चौदा वर्षं पूर्ण लागतात, म्हणून थांबलो होतो). गंमत म्हणजे आम्ही राहतो सयाजीरावांच्या बडोद्यात, ज्यांनी १८९३ ला अमरेली भागात आणि १९०६ पासून सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या बापाला तेव्हा दंड होता. महाराज असते तर आमची पावती फाटली असती.

मुद्द्याकडे येतो. स्टारबद्दल तुमच्या सासूबाईंच्या बाजूने एक जुना प्रयोग आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र आणि रिबन मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात बघितलं, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढत होती. अचानक मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं. म्हणजे घात बक्षिसाने नाही, सौद्याने होतो. दात घासणं, पांघरुणाची घडी, बूट जागेवर, याला खुशाल स्टार द्या, तिथे मुळात आवड नसतेच. आभारावरून मात्र काढा.

पण तुमच्या मिस्टरांचंही पूर्ण चुकत नाही. २००३ मध्ये एमन्स आणि मॅकलो यांनी लोकांना नियमाने चांगल्या गोष्टींची यादी लिहायला लावली, आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा ते जास्त समाधानी निघाले. फक्त ती मोठी माणसं होती, बरेचसे कॉलेजचे विद्यार्थी. सहा वर्षांच्या पोराला वही देऊन तोच परिणाम मागू नका.

आता होमस्कूलिंगची खरी अडचण, जी कोणी बोलत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाला दिवसभरात रिक्षावाले काका, शिपाई, डबा सांडला की पुसणाऱ्या मावशी, सगळे दिसतात. आपल्या मुलांना दिसते एक आई. सगळं आईच करते, आणि आई तर करणारच, असं त्यांना वाटतं. म्हणून माणसं मुद्दाम गाठून द्यावी लागतात. आम्ही दोघांना चर्चमध्ये उपासना संपल्यावर खुर्च्या उचलणाऱ्या काकांच्या हाताखाली दिलं. भाषण नाही, काही नाही. काका म्हणतील ते करायचं. माझी मुलगी आता कुठेही गेली तरी आधी बघते, इथे खुर्च्या कोण लावतं.

स्वेटरबद्दल: तिला सुया-लोकर आणून द्या आणि आजीला व्हिडिओ कॉलवर शिकवू द्या. एक पट्टी विणू दे. मग बोलू.

पुणेकर_नास्तिक

मी धार्मिक नाही, तरी दोन पैसे टाकतो. घरकामाच्या मावशी आजारी पडल्या तर पगार कापता का? सणाला बोनस देता का? मुलं तेवढंच बघतात. बाकी तक्ता, वही, भोपळा, सगळं ठीक.

आणि एक सावधगिरीची सूचना. “आम्ही तुमच्यासाठी इतकं केलं, जरा जाणीव ठेवा” हे वाक्य मी लहानपणी पोटभर ऐकलंय. ती उधारीची वसुली असते, जाणीव वगैरे काही नाही. स्वेटर टोचत असेल तर टोचतो म्हणायची मुभा नऊ वर्षांच्या मुलीला हवी.

नगरची_मावशी

नास्तिक दादा, तुमचं म्हणणं आमच्या बऱ्याच पाळकांपेक्षा बरं आहे. 😄

इंदूरकरीण

मंडळी, खूप आभार. (स्टार नको.)

तक्ता अजून भिंतीवर आहे, पण ‘कृतज्ञता’ची ओळ खोडून तिथे ‘दात’ लिहिलं. धाकट्याने विचारलं, “म्हणजे आता थँक्यू नाही म्हटलं तरी चालतं?” म्हटलं, चालतं. दोन दिवस खरंच नाही म्हणाला. मी ओठ चावून गप्प.

बडोदेकर दादा, तुम्ही ‘माणसं गाठून द्या’ म्हणालात त्यावरून आमच्या दारातच एक सापडलं. इंदूरचं तुम्हाला माहीतच आहे, २०१७ पासून सलग कित्येक वर्षं सफाईत देशात पहिला नंबर, आणि त्याचा अभिमान इतका की पाहुण्याने चॉकलेटचा कागद टाकला तरी लोक मागे लागतात, “भिया, उठाव!” सकाळी गाणं वाजवत कचरागाडी येते. गाडीला वेगवेगळे कप्पे: ओला, प्लास्टिक, प्लास्टिक सोडून बाकीचा सुका, सॅनिटरी, इलेक्ट्रॉनिक, घातक. वेगळं करायचं काम माझं असायचं, ते मी दोघांना दिलं. पहिल्या दिवशी खरकट्यात हात घालायला लागल्यावर जो काही थयथयाट झाला! पण मग बरणी फुटली. थोरलीने काचा तशाच सुक्याच्या डब्यात टाकल्या. मी फक्त विचारलं, “गाडीवरच्या भैयांचे हातमोजे कसे असतात, बघितलेस?” दुसऱ्या दिवशी ती बघून आली. पातळ, एक फाटका. तेव्हापासून काच, ब्लेड, फुटका बल्ब जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल स्केचपेनने ‘कांच है’ लिहिते. हिंदीत, कारण भैयांना मराठी येत नाही. हा विचार तिचा. भैयांना ती धन्यवाद म्हणते का? नाही. लाजते, आणि आत पळते. मला चालतंय. नावंही विचारून घेतली, प्रार्थनेत आता पंख्याऐवजी ती असतात.

नास्तिक दादा, मावशींची सुट्टी आम्ही कापत नाही, पण मुलांना हे माहीतच नव्हतं. पगार मी आत नेऊन, घडी करून द्यायचे. आता त्यांच्या समोर देते. आणि स्वेटर खरंच टोचतो, गळ्याशी. तिने आजीला तसं सांगितलं. सासूबाई मुळीच रागावल्या नाहीत, उलट “आतून मऊ कापडाची पट्टी लावून दे” म्हणून मलाच काम लावलं.

एक मात्र पटलं नाही. आभाराला बक्षीस नको म्हणता, पण वचन पाठ करताना? एकशे तीनावं स्तोत्र, देवाचे उपकार विसरू नकोस म्हणणारं, अख्खं पाठ व्हावं असं वाटतं. गोळीशिवाय पुढे सरकतच नाही. तेही सौद्यातच येतं का?

बडोदेकर_बाबा

माझ्या मते येतं. आम्ही पाठांतराला काहीच देत नाही. जेवताना सगळ्यांनी मिळून एक ओळ मोठ्याने म्हणायची, बस. हळू होतं, पण राहतं.

नगरची_मावशी

मी आयुष्यभर वचनामागे एक लिमलेटची गोळी दिली आणि पुढेही देणार. माझी जुनी पोरं आता चाळिशीची आहेत, रस्त्यात भेटली की अजून धडाधड म्हणून दाखवतात. प्रयोगवाल्यांनी स्केचपेन घेतली होती, लिमलेट घेतली नव्हती. ताई, स्तोत्र बावीस ओव्यांचं आहे, चार-चार करून घ्या. आणि कापणीच्या सणाचं पाळकांना विचारलंत का? मेथी लावायची तर थंडीच्या आतच लावा, नंतर इंदूरच्या उन्हात काही उरायचं नाही.