कॅम्परव्हॅन पावसाळ्यात कुठे ठेवावी: पुण्याचं बेसमेंट, गुहागरचं अंगण की फलटणची शेड?

टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्परव्हॅन आहे, बीएस-६ डिझेल. आत सिंक, कॅसेट टॉयलेट (मैल्याची टाकी बाहेर काढून रिकामी करता येते असं), १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. टपावर एसी आणि सोलर पॅनेल. जून ते सप्टेंबर गाडी हलणार नाही. तीन जागा आहेत. पुण्यात सोसायटीचं बेसमेंट, गुहागरला घरचं अंगण (वर ताडपत्री घालता येईल), आणि फलटणजवळ भाड्याने रिकामी पोल्ट्री शेड. फलटणला महिन्यातून एकच फेरी जमेल. कुठे ठेवावी?

प्रतिसाद १

फलटण. त्याच सातारा जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, फलटणला पाचशेच्या आसपास. चार महिने उभ्या गाडीला हा फरक फार मोठा आहे.

गुहागरला पावसासोबत खारा वारा. तो चासीच्या सांध्यांत, बिजागऱ्यांत आणि अर्थिंगच्या बोल्टांत शिरतो. तिथेच ठेवायची वेळ आली तर जांभ्याच्या फरशीवर ठेवा, तांबड्या मातीवर तीन-साडेतीन टनांची गाडी रुतते. नारळाखाली तर मुळीच नको. ताडपत्री बॉडीला चिकटून बांधू नका. खाली ओल कोंडते आणि वाऱ्याने घासून रंग जातो. पाइपांचा सांगाडा करून टपापासून किमान फूटभर वर ताणा, बाजू मोकळ्या सोडा.

बेसमेंटची उंची पाटीवरून धरू नका. सर्वांत खालची तुळई आणि स्प्रिंकलरचा पाइप टेपने मोजा. एसीसकट तुमची गाडी तीन मीटरच्या आसपास जाईल, बहुतेक बेसमेंटांत ती शिरणारच नाही. शिरली तरी गॅस सिलिंडर आत ठेवून लावू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशीच साचून राहतो.

प्रतिसाद २

फलटण बरोबर, पण पोल्ट्री शेड म्हटल्यावर थांबा. कोंबड्यांखालच्या भुसा-विष्ठेच्या थरातून अमोनिया सुटतो आणि दमट हवेत तो तांबं-पितळ खातो: वायरिंगच्या टोकांचे लग्स, गॅसच्या पितळी जोडण्या, एसीची कॉइल. तांब्याची तार घासून चकचकीत करा आणि आठवडाभर शेडमध्ये टांगून ठेवा. निळसर-हिरवी झाली तर ती शेड नको. शेजारी चालू पोल्ट्री किंवा खताचा साठा असला तरी हाच त्रास. धान्याचं गोदाम सुचवलं तर तिथे धुरी देतात का ते आधी विचारा. त्या धुरीतल्या फॉस्फिन वायूनेही तांबं आणि इलेक्ट्रॉनिक्सचे संपर्कबिंदू खराब होतात.

प्रश्नकर्ता

शेड दोन वर्षं रिकामी आहे, पण जमीन मातीची. तार लावून बघतो. तिथला राखणदार दर आठवड्याला दहा मिनिटं इंजिन सुरू करून ठेवतो म्हणाला, चालेल ना?

प्रतिसाद ३

नको! कृपा करून त्यांना किल्लीच देऊ नका. दहा मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, डीपीएफमध्ये (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी भरते आणि ती जाळण्याइतकं तापमान येतच नाही. महिन्याच्या फेरीत २५-३० किलोमीटर हमरस्त्यावर चालवा, नाहीतर अजिबात सुरू करू नका. टाकी पूर्ण भरून ठेवा. रिकाम्या जागेत हवेतल्या वाफेचं पाणी होतं आणि डिझेलमध्ये पाणी उतरतं.

स्टार्टर बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह काढा. अलार्म-ट्रॅकर मिळून ५० मिलिअँपिअर ओढत असले तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर, महिन्याला ३६. ८० अँपिअर-अवरची बॅटरी जवळपास निम्मी होते आणि प्लेटांवर सल्फेट धरतं. लिथियम उलट ५०-६० टक्क्यांवर ठेवा. शेडमध्ये ऊन नाही आणि सोलरचा कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीमधला चार्जिंग सांभाळणारा डबा) मात्र बॅटरी पीत राहतो, म्हणून आधी पॅनेलची जोडणी काढा आणि मगच बॅटरीची. हा क्रम उलटा केला तर कंट्रोलर जळू शकतो.

हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला गंजून चिकटतात. पहिला गिअर आणि चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. मातीवर आधी जाड प्लास्टिक अंथरा, त्यावर चाकांखाली फळ्या. नाहीतर जमिनीच्या वाफेचं रोज चासीवर पाणी होतं.

प्रतिसाद ४

आतलं राहिलं. ताज्या आणि सांडपाण्याच्या दोन्ही टाक्या, पंप आणि गिझर पूर्ण रिकामे करा. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. सिंकचा ट्रॅप (खालचा पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) सुकला की झुरळं वर येतात, तिथे बूच मारा. कॅसेट धुऊन वाळवा आणि रबरी सीलला सिलिकॉन ग्रीस लावा. साधं तेल लावलंत तर रबर फुगतं. फ्रिजचं दार फडकं अडकवून उघडं, गाद्या उभ्या, बिस्किटाचा पुडासुद्धा आत नको. वायर आणि पाइप जिथून आत येतात त्या प्रत्येक भोकात स्टीलचा काथ्या घट्ट कोंबा, उंदीर तिथूनच शिरतात.

कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा शोषणारे डबे ठेवतात, पण ते दोनेक आठवड्यांत भरतात. तुमची फेरी महिन्याची, म्हणजे डबा सांडला तर खारं पाणी थेट फ्लोअरच्या प्लायवर. ठेवायचेच तर खोल बादलीत ठेवा.

आणि हे सगळं करण्याआधी, मे महिन्यातच, टपावर पाइपने अर्धा तास पाणी मारून आतून व्हेंट आणि एसीच्या कडा हाताने चाचपा. सीलंट लावायला कोरडं ऊन लागतं, ते जूनमध्ये मिळणार नाही.