ठाण्यातली पोरं, कपडे आणि बसायला जागा

आत्ताच्या पोरांची फॅशन म्हणजे रील बघून केलेली नक्कल आणि प्रेम म्हणजे अ‍ॅपवरचा टाइमपास, असं हल्ली बरेच जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. दिवाळी पहाटेला ठाण्याच्या राम मारुती रोडवर या एकदा, तिथपासून तलावपाळीपर्यंत, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठापर्यंत, नुसती तरुणाई असते, आजीची काठपदराची साडी आणि खाली पांढरे स्नीकर्स, नाकात ऑक्सिडाइज्डची नथ, ब्लाउज बऱ्याचदा ताईचा नाहीतर मैत्रिणीचा, आतून टाके घालून अंगाला बसवलेला. ही डोकॅलिटी त्यांची स्वतःची आहे, मला तर फार कौतुक वाटतं. आणि जमतंही कित्येकांचं इथेच, कॉलेजच्या ग्रुपमधून, मित्राच्या मित्रातून.

खरा प्रॉब्लेम जागेचा आहे हो. घर वन बीएचके, त्यात आईबाबा, आजी, भावंडं, कॅफे दरवेळी परवडत नाही, मग उरतो तलावपाळीचा कट्टा नाहीतर उपवन तलाव, तिथेही येणारेजाणारे टक लावून बघणार. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ-अक्साच्या हॉटेलांतून पोलिसांनी जोडपी उचलली होती आठवतंय का, सज्ञान मुलं, बंद खोलीत, आणि लावलं काय तर पोलीस कायद्याचं कलम ११०, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन! याचा राग यायला हवा आपल्याला, स्नीकर्सचा कसला. तलावाकाठी अजून बाकं, नीट उजेड आणि मुलींना वापरता येतील अशी स्वच्छ टॉयलेट्स, एवढं तरी पालिकेकडे मागूया की सगळे मिळून.