'वॉशिंग्टन' या नावाचा अर्थ नेमका कोणता मानावा?

चर्चाप्रस्ताव
'वॉशिंग्टन' म्हटले की अमेरिकेची राजधानी, तिथले एक राज्य किंवा पहिले राष्ट्राध्यक्ष आठवतात. परंतु इंग्लंडच्या ईशान्येस संडरलँडजवळ याच नावाचे, त्या सर्वांहून जुने गाव आहे. जुन्या इंग्रजीतील 'वस्सा' हे पुरुषाचे नाव आणि वस्ती या अर्थाचा 'टून' हा शब्द यांपासून ते नाव बनले, ही व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे स्वीकारली जाते. बाराव्या शतकात हार्टबर्नच्या विल्यम नावाच्या सरंजामदाराकडे ते गाव आले, त्याने गावाचेच नाव लावले, आणि जॉर्ज वॉशिंग्टन त्याच कुळातले. माझ्या मते 'वस्साच्या लोकांची वस्ती' एवढाच या नावाचा अर्थ आहे. पुढचा सगळा त्याचा वापर.

प्रतिसाद (असहमत)
व्युत्पत्ती मान्य आहे, निष्कर्ष नाही. १८५३ मध्ये वायव्येकडील नव्या प्रदेशाला (पुढे त्यातूनच आपण म्हणता ते राज्य झाले) 'कोलंबिया' म्हणावे असा प्रस्ताव अमेरिकेच्या संसदेपुढे होता. राजधानीच्या 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया'शी घोटाळा होईल म्हणून तो बदलून 'वॉशिंग्टन' हे नाव ठरले. (घोटाळा टाळण्यासाठी थेट राजधानीचेच नाव निवडण्याची ही युक्ती अजब खरी.) हे नाव देणाऱ्यांना वस्साशी कर्तव्य नव्हते, त्यांना राष्ट्राध्यक्षाचा गौरव करायचा होता. देणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात जो अर्थ नाही, तो नावात आहे असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

चर्चाप्रस्तावक
आपण सांगता ते नाव देण्याचे कारण झाले, नावाचा अर्थ नव्हे. विल्यमने जुनेच नाव ठेवले असते, तर त्याच गौरवापोटी राजधानीला 'हार्टबर्न' म्हटले गेले असते. कारण तेच राहिले असते आणि अर्थ मात्र बदलला असता.

प्रतिसाद (दोघांशीही असहमत)
या वादात हे नाव आज लावणारी माणसेच बाजूला पडली आहेत. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत 'वॉशिंग्टन' आडनावाच्या लोकांपैकी सुमारे नव्वद टक्के कृष्णवर्णीय होते. हे आडनाव त्यांच्याकडे गुलामांच्या कुणा मालकाकडून आले असावे, असे सहज गृहीत धरले जाते. पण गुलामगिरीत जन्मलेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांचेच पाहा. शाळेत इतर मुले दोन-दोन नावे सांगतात हे पाहून, शिक्षकांनी विचारताच त्यांनी स्वतःच 'बुकर वॉशिंग्टन' असे सांगितले. त्यांच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. आडनाव नाकारल्या गेलेल्या समाजात ते स्वतः निवडणे हा अर्थ वस्साकडे पाहूनही लागत नाही आणि संसदेच्या कामकाजाकडे पाहूनही नाही.

चर्चाप्रस्तावक
ही हकीकत मोलाची आहे, परंतु ती चरित्राच्या नोंदीत शोभेल. नामकोशात मी तरी पहिल्या ओळीत वस्साच लिहीन.

प्रतिसाद (असहमत)
इंग्लंडमधल्या गावाच्या नोंदीत अवश्य लिहा. राज्याच्या नोंदीत तसे केलेत, तर ते राज्य त्या गावावरून ओळखले जाते असा वाचकाचा समज होईल; तिथे पहिल्या ओळीत १८५३ चा निर्णयच हवा.